काढा कुठलाही असो, हिशेब मूत्रपिंडांना द्यावा लागतो



या पंधरवड्यात एकाच विषयाची दोन पत्रे आली आहेत. पहिले शिरूर तालुक्यातील आहे. पत्रलेखिकेच्या सासऱ्यांचे वय ७४ वर्षे, मधुमेह अठरा वर्षांपासूनचा, आणि गेल्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनीन १.८ निघाले. पुण्यात नोकरीस असलेल्या पुतण्याने ‘मूत्रपिंडांना बळ देणाऱ्या’ चिनी वनौषधींच्या गोळ्यांची बाटली मागवून पाठवली आहे. ती सुरू करावी का, असे त्या विचारतात.

दुसरे पत्र दौंड तालुक्यातील आहे. आईला बरीच वर्षे रक्तदाब आहे आणि लघवीतून प्रथिने जातात. बांधावरची घेटुळी आणि सराटा यांचा काढा ती दोन महिने सकाळ-संध्याकाळ घेते. लघवी मोकळी होते, पायांची सूजही उतरली आहे. तर डॉक्टरांच्या गोळ्या आता बंद कराव्यात का, असा मुलाचा प्रश्न आहे.

भीमेच्या दोन तीरांवरून आलेल्या या प्रश्नांत एक औषध परदेशचे आहे, दुसरे शेताच्या बांधावरचे. तरीही दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. वनस्पती मूत्रपिंडांचे रक्षण करते असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ते ताडून कसे पाहावे? आज याचाच विचार करू.

चीन आपल्या डब्यात फार पूर्वीपासून आहे

चिनी औषध म्हटले की काहींना कुतूहल वाटते, काहींना भीती. दोन्हींची गरज नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातील दालचिनीच्या नावातच चीन आहे; फारसीतील ‘दार-चीनी’ म्हणजे चीनचे झाड. काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मिळते, रेवंदचिनी मिळते. ‘चोब’ म्हणजे लाकूड आणि ‘रेवंद’ हे एका रेचक मुळाचे नाव. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात चोपचिनी ‘द्वीपान्तर वचा’ या नावाने आली आहे. गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात चीनमधून येणाऱ्या या मुळाची आणि रेवंदचिनीची स्वतंत्र चर्चा केली आहे. म्हणजे चिनी मुळ्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन किमान साडेचार शतके लोटली आहेत.

तेव्हा औषध परके आहे म्हणून टाकू नये आणि आपले आहे म्हणून घेऊ नये. वनस्पतीतील रसायनास आपण कुठून आलो हे ठाऊक नसते. ते रक्तात मिसळते आणि पुष्कळदा मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते.

एका शब्दाचे तीन अर्थ

बाटलीवरील ‘मूत्रपिंडांना बळ’ हे शब्द नीट तपासून पाहण्यासारखे आहेत. पारंपरिक चिनी वैद्यकात ‘शेन’ नावाची संकल्पना आहे. तिचे भाषांतर मूत्रपिंड असे केले जाते. परंतु त्या शास्त्रात शेन हे जीवनसत्त्वाचे साठवणस्थान मानलेले आहे. हाडे, केस, श्रवणशक्ती, प्रजननशक्ती आणि वार्धक्य या साऱ्यांचा संबंध त्याच्याशी जोडलेला आहे. कंबर दुखते, कानांत आवाज येतो, थकवा वाटतो, अशा रुग्णाचे ‘शेन दुर्बल’ आहे असे चिनी वैद्य म्हणू शकतो आणि त्या रुग्णाचे क्रिएटिनीन अगदी सामान्य असू शकते.

आपल्याकडेही असेच आहे. चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसाचे मूळ सांगितले आहे, तर मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ती आणि वंक्षण हे आहे. त्या शास्त्राची मांडणी त्याच्या जागी ठेवून वाचावी लागते. पण ‘शेन’ला बळ देणारी गोळी म्हणजे मधुमेहाने झिजलेल्या मूत्रपिंडांतील गाळण्या वाचवणारी गोळी, असा अर्थ विक्रेत्याने काढला तर तो शब्दाचा खेळ होय. पुतण्याने पाठवलेल्या बाटलीबाबत पहिली शंका येथेच घ्यावी.

लघवी मोकळी झाली, म्हणजे काय झाले?

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून बाहेर पडते ते दीड-दोन लिटर. हृदय जेवढे रक्त पुढे ढकलते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहान अवयवांकडे जातो. त्यामुळे रक्तातील घातक द्रव्येही सर्वाधिक प्रमाणात येथेच येतात आणि नलिकांत दाट होतात. एखाद्या मुळीचा त्रास यकृताला किंवा मूत्रपिंडांनाच आधी का होतो, याचे उत्तर या रचनेत आहे.

येथे घरोघरी होणारा एक गैरसमज दूर केला पाहिजे. लघवी किती होते यावरून मूत्रपिंडांचे आरोग्य कळत नाही. गाळण्या निम्म्या निकामी झाल्या तरी लघवी भरपूर होऊ शकते. कित्येकदा रात्रीची लघवी वाढते तीच आजाराची खूण असते. मूत्रल औषध, मग ती डॉक्टरांची गोळी असो की सराट्याचा काढा, शरीरातील पाणी व मीठ बाहेर काढते. त्याने सूज उतरते, दम कमी लागतो, रुग्णाला बरे वाटते. ते बरे वाटणे खरेच असते. परंतु गाळण्यांची झीज थांबली की नाही, हे त्यावरून समजत नाही.

ते समजण्यासाठी दोन तपासण्या आहेत. पहिली रक्तातील क्रिएटिनीनची आणि त्यावरून काढलेल्या ‘ई-जीएफआर’ या आकड्याची. केवळ क्रिएटिनीन पाहून चालत नाही. ७४ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनीन १.८ असेल तर ई-जीएफआर सुमारे ३९ येतो. याच वयाच्या स्त्रीचे क्रिएटिनीन तेवढेच असेल तर तो सुमारे २९ येतो. आणि तीस वर्षांच्या पुरुषाचा पन्नासच्या वर राहतो. दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांच्या गुणोत्तराची. ते ३० पेक्षा अधिक असेल तर गाळण्यांतून प्रथिने गळत आहेत असे समजावे. ई-जीएफआर ६० पेक्षा कमी, किंवा प्रथिनांची गळती, यांपैकी काहीही तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. मुतखडा ही वेगळी गोष्ट आहे. खड्यासाठी शेजाऱ्याला लागू पडलेला काढा झिजलेल्या गाळण्यांवर चालेल, असे समजू नये.

चिनी वनौषधींविषयी आज काय माहीत आहे

चीनमध्ये मूत्रपिंडविकारांवर वनौषधींचा वापर मोठ्या प्रमाणात होतो आणि त्यावर संशोधनही होते. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. मलेरियावरील आर्टेमिसिनीन हे औषध चिनी वैद्यकातील एका वनस्पतीतूनच मिळाले आणि त्यासाठी तू योयो यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक लाभले. मात्र त्या वनस्पतीतील नेमके द्रव्य वेगळे काढले गेले, त्याची मात्रा ठरली, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि मगच ते औषध झाले.

मूत्रपिंडांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे चिनी मूळ म्हणजे हुआंग ची. डाळीच्या कुळातील एका रोपाचे हे मूळ आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरातील वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिने २०१४ साली हुआंग चीवरील २२ अभ्यास पाहिले. लघवीतील प्रथिने थोडी कमी होण्याची चिन्हे त्यांत दिसली. पण अभ्यासांची गुणवत्ता कमकुवत असल्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा निर्वाळा देण्यात आला. हे मूळ डायलिसिस लांबवते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळाला नाही.

दुसरे दा हुआंग, म्हणजे आपल्या रेवंदचिनीचे चिनी भावंड. मूत्रपिंडे जे बाहेर टाकू शकत नाहीत ते आतड्यांवाटे काढावे, या विचाराने ते दिले जाते. विचार सुसंगत वाटतो, परंतु हे रेचक आहे. वृद्ध माणसास दिवसातून चार-पाच वेळा जुलाब झाले की शरीरातील पाणी घटते, रक्तदाब उतरतो आणि आधीच अशक्त असलेली मूत्रपिंडे एका आठवड्यात आणखी खालावू शकतात. सोनामुखी किंवा एरंडेल यांच्या अतिरेकानेही हेच होते.

तिसरी लेई गोंग तेंग ही वेल. तिने लघवीतील प्रथिने घटतात असे चिनी अभ्यासांत दिसले आहे. पण यकृत, अस्थिमज्जा आणि प्रजननशक्ती यांवर तिचे दुष्परिणाम गंभीर आहेत. ती घरी आणून घेण्याची वस्तू नव्हे. हिमालयातून येणारी कीडाजडीही मूत्रपिंडांसाठी महागड्या दराने विकली जाते. तिच्याविषयीचा पुरावाही हुआंग चीप्रमाणेच कमकुवत आहे.

ब्रुसेल्समध्ये काय घडले

हा प्रसंग प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात १९९० नंतरच्या काळात काही स्त्रिया वजन कमी करण्याच्या उपचारासाठी एका केंद्रात जात होत्या. त्यांना दिलेल्या गोळ्यांत चिनी वनौषधी होत्या. थोड्याच काळात त्यांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. १९९३ साली तेथील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही हकीकत मांडली.

कारण शोधता असे आढळले की ‘फांग ची’ या नावाने दोन वेगवेगळ्या वनस्पती बाजारात येत होत्या. जी हवी होती तिच्याऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच वनस्पती गोळ्यांत गेली होती. या कुळातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांच्या नलिका कायमच्या जखडून टाकते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून तपासण्यात आल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग सापडला. औषध बंद करून वर्षे लोटली होती, तरीही. पुढे चीननेही २००३ व २००४ साली या कुळातील काही औषधांवर बंदी घातली.

हे दूरच्या देशात घडले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नये. याच कुळातील दोन वनस्पती आपल्याकडे आहेत. कोकण व सह्याद्रीत सापसण किंवा ईश्वरी नावाची वेल उगवते. देशावरच्या काळ्या रानात किडामार नावाचे जमिनीलगत पसरणारे तण आढळते. सर्पदंश, जंत, ताप, संधिवात यांवर त्यांचा वापर परंपरेने होत आला आहे. नावे बदलतात, आम्ल तेच राहते. सापसण किंवा किडामार असलेला कोणताही काढा, विशेषतः महिनोन् महिने चालणारा, घेऊ नये. घरात कोणी घेत असेल तर तो आजच थांबवून मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी.

बांधावरच्या औषधींचा विचार

आता दौंडच्या पत्राकडे वळू. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. पावसाळ्यात तिची भाजी आपल्या भागात आवडीने खाल्ली जाते. सराटा म्हणजे गोखरू. त्याचे काटे अनवाणी चालणाऱ्याला चांगलेच ठाऊक असतात. आयुर्वेदात दोन्ही मूत्रल म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्या उसावर शिरूर-दौंडचे अर्थकारण उभे आहे, त्याच्या मुळालाही दर्भ, कुश, काश यांच्यासह तृणपंचमूळात स्थान दिलेले आहे. म्हणजे मूत्रल औषधींचा हा वारसा आपल्या परिसराचा आहे आणि तो आदरानेच पाहावा.

परंतु वारशालाही रुग्णाची स्थिती पाहावी लागते. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. निरोगी माणसाची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम सहज बाहेर टाकतात. ई-जीएफआर ४०च्या खाली गेलेल्या रुग्णाला ते जमेलच असे नाही. त्यातच रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर पोटॅशियम वाढण्याची शक्यता आणखी बळावते. पोटॅशियम फार वाढले तर फारशी पूर्वसूचना न देता हृदयाची लय बिघडते. पंधरवड्यातून एकदा वाटीभर भाजी खाणे वेगळे, आणि मूठभर मुळ्यांचा आटवलेला काढा दिवसातून दोनदा दोन महिने घेणे वेगळे.

आणखी तीन गोष्टींबाबत सावध राहावे.

पहिली, भस्मे. २०२२ साली दक्षिण भारतातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले की लघवीतून प्रथिने जाणाऱ्या एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे बरेच रुग्ण देशी औषधे घेत होते आणि त्यांतील कित्येक औषधांत पारा होता. औषध थांबवल्यावर अनेकांची गळती कमी झाली. ज्याची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्याने पारा, शिसे किंवा सोमल असलेले औषध तज्ज्ञ वैद्य आणि मूत्रपिंडतज्ज्ञ या दोघांच्या संमतीशिवाय घेऊ नये.

दुसरी, आठवडे बाजारात वा यात्रेत मिळणारी सांधेदुखीची बिननावाची पूड. गुडघे दोन दिवसांत मोकळे झाले तर आनंदापूर्वी शंका यावी. अशा पुडींत वेदनाशामक गोळी किंवा स्टेरॉईड मिसळल्याचे अनेकदा उघड झाले आहे. वेदनाशामके दीर्घकाळ घेणे हे मूत्रपिंडे खालावण्याचे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. दुकानातून स्वतः आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनाही हेच लागू आहे.

तिसरी, कमरख हे पाच धारांचे आंबट फळ. त्यातील एक द्रव्य निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. विकार असलेल्या रुग्णात मात्र ते साठून न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात. ‘फळच तर आहे’ असे म्हणून ते देऊ नये. बाजारातील ‘कमी सोडियमचे मीठ’ही पोटॅशियमपासून बनवलेले असते, तेही अशा रुग्णासाठी योग्य नव्हे. आणि सैंधव हे शेवटी मीठच आहे.

मग रक्षण कशाने होते?

हे उत्तर साधे असल्यामुळे त्यावर विश्वास बसत नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा पहिला आधार. साधारणतः तो १३०/८०च्या आत असावा, पण वय आणि उठताना येणारी चक्कर पाहून डॉक्टर ही मर्यादा ठरवतात. साखर आटोक्यात ठेवणे हा दुसरा. लघवीतून प्रथिने जात असतील तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी गाळण्यांवरील दाब कमी करते. तिच्या सुरुवातीला क्रिएटिनीन किंचित वाढले तर घाबरून ती स्वतः बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

गेल्या काही वर्षांत डापाग्लिफ्लोझिन गटातील औषधांनी यात भर घातली आहे. त्यांची कथा वनौषधींच्या चाहत्यांनी जरूर ऐकावी. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे केले. त्याने लघवीवाटे साखर जाते हे पुढे कळले. पण ते आतड्यातून नीट शोषले जात नसे. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना सुधारत नेली आणि त्यातून आजची गोळी आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या ४,३०४ रुग्णांना ही गोळी किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. मूत्रपिंडांचे काम निम्म्याने घटणे, डायलिसिसची वेळ येणे किंवा मूत्रपिंड अथवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येणे, हा एकत्रित धोका गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही लाभ झाला. भारतात तिच्या मूळ पेटंटची मुदत २०२० साली संपल्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत उतरली. ती प्रत्येकाला चालतेच असे नाही. आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे मात्र निश्चित आहे.

आहारात दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, एवढेच मीठ असावे. पापड, लोणचे, ठेचा, खारवलेले शेंगदाणे यांतील मीठही त्यात मोजावे.

आपल्या अवर्षणप्रवण भागातील उन्हाचा विचारही करायला हवा. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड कामगारांना मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर झाल्याचे आढळले आहे. तीव्र उन्हातील कष्ट आणि पाण्याची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. चैत्र-वैशाखात शेतावर जाणाऱ्या ज्येष्ठांनी सकाळीच काम उरकावे, सावलीत विसावा घ्यावा आणि पाणी सोबत ठेवावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे. उलट्या-जुलाब सुरू झाले तर रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोनवरून लगेच विचारावे.

काढा घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

घरात कोणतेही वनौषध येईल तेव्हा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. यात नेमक्या कोणत्या वनस्पती आहेत? घटकांची नावे लिहून मागावीत. ‘गुप्त नुस्खा’ असे उत्तर मिळाले तर औषध घेऊ नये.

२. डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांचे प्रमाण आहे का? परदेशी औषध असेल तर भारतातील आयातदाराचे नाव व पत्ता आहे का?

३. ‘किडनी पूर्ववत’, ‘डायलिसिसपासून कायमची मुक्ती’ असे आश्वासन दिले आहे का? १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्यानुसार मधुमेह आणि ब्राइटचा आजार, म्हणजे मूत्रपिंडाचा दाह, बरे करण्याच्या जाहिराती करण्यास मनाई आहे. जो कायदा मोडून विकतो, त्याच्या शब्दावर आपण आईवडिलांचे आरोग्य सोपवू नये.

४. औषध सुरू करण्यापूर्वीचे क्रिएटिनीन आणि पोटॅशियम लिहून ठेवले आहे का? सुरू केल्यास दोन ते चार आठवड्यांत ते पुन्हा तपासावे.

५. डॉक्टरांना सांगितले आहे का? पुष्कळ रुग्ण रागावतील या भीतीने लपवतात. ज्या डॉक्टरांना काढ्याविषयी माहीत नसते ते वाढलेल्या पोटॅशियमचे कारण भलतीकडेच शोधत राहतात. वैद्यांकडे जाताना ई-जीएफआरचा कागदही सोबत न्यावा. जाणते वैद्य तो पाहिल्याशिवाय मात्रा ठरवणार नाहीत.

दोन पत्रांना उत्तर

शिरूरच्या वाचक भगिनींना सांगणे असे की ती बाटली सुरू करू नये. पण फेकूनही देऊ नये. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवावी. सासऱ्यांचा ई-जीएफआर ३९च्या आसपास असावा, आणि सांभाळून राहिल्यास या पायरीवर बरीच वर्षे काढता येतात. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली नसेल तर ती मागून घ्यावी आणि डापाग्लिफ्लोझिनविषयी विचारावे. पुतण्याने प्रेमाने पाठवले आहे. त्याला दोष न देता, तेच पैसे दर तीन महिन्यांच्या तपासण्यांसाठी पाठव, असे सांगावे.

दौंडच्या वाचक बंधूंनी आईच्या गोळ्या मुळीच बंद करू नयेत. काढा तूर्त थांबवावा आणि याच आठवड्यात क्रिएटिनीन, पोटॅशियम व लघवीतील प्रथिने तपासावीत. सूज उतरण्याचे श्रेय काढ्याचे असेल. पण सूज पुन्हा आली तर मूत्रल गोळीची मात्रा डॉक्टर मोजून ठरवू शकतात, काढ्यातील मात्रा मात्र दर वेळी वेगळी असते. पोटॅशियम ठीक असेल तर पावसाळ्यातील घेटुळीची भाजी, चिरून उकळून पाणी टाकलेली, अधूनमधून खाण्यास हरकत नसावी; ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि ज्यांच्या घरी डायलिसिसची वेळ आली आहे त्यांनी खर्चाच्या धास्तीने काढ्यांकडे धाव घेऊ नये. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. जवळच्या शासकीय रुग्णालयात शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन चौकशी करावी.

पुढील पंधरवड्यात मूत्रपिंडविकारातील आहार, विशेषतः डाळी आणि पालेभाज्या किती व कशा शिजवाव्यात, याचा विचार करू. आपल्या घरातील रुग्णाचा ई-जीएफआर तोवर एका वहीत तारखेसह लिहून ठेवावा.